पाच हजार मुलांची चाळणी, साठ मुलांची जागा

डिसेंबरच्या मध्यावर, डिस्लेक्सिया (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन जड जाणं) असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका ट्रस्टकडे एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेल्या निधीचा, प्रस्ताव आला. तालुक्यातल्या ४० शाळांतली तिसरी ते पाचवीची ५,००० मुलं तपासायची, खर्चाला २५ लाख रुपये, आणि काम ३१ मार्चच्या आत संपवायचं. त्याच महिन्यात ट्रस्टवर एक नव्या विश्वस्त येत होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, मानधन न घेता काम करायला तयार, डिस्लेक्सियाबद्दल ऐकून-वाचून माहिती असलेल्या. पुढे दिलंय ते त्या प्रस्तावाचं काय झालं त्याची नोंद. ही कोणा एका संस्थेची हकीकत नाही. महाराष्ट्रातल्या अशा छोट्या ट्रस्टमध्ये नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र जुळवल्या आहेत आणि संख्या व रकमा हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. कायद्याच्या तरतुदी मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

ट्रस्टचं स्वरूप असं: आठवड्यातून दोनदा उपचारात्मक अध्यापनाला (अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने वाचन-लेखन शिकवणं) येणारी ६० मुलं, पाच विशेष शिक्षिका, आठवड्याला २० तास येणारी एक मानसशास्त्रज्ञ आणि अर्धवेळ हिशेबनीस. कागदावर सात विश्वस्त.

होकार देण्याआधी मागितलेले कागद

"मॅडम, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी आम्ही बघतो," असं अध्यक्ष म्हणाले. विश्वस्त व्हायचं निमंत्रण बहुतेक वेळा असंच येतं, आणि ज्यांना ही सेवा वाटते ते तिथंच सही करून मोकळे होतात. नव्या विश्वस्तांनी आधी पाच कागद मागितले: न्यासपत्र (ट्रस्टची घटना), धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदवहीचा, ताजा उतारा, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आयकर नोंदणीची पत्रं आणि गेल्या वर्षभराचं प्रोसिडिंग बुक (सभांच्या नोंदींची वही).

घोळ उताऱ्यातच सापडला. त्यावरच्या सात नावांपैकी एका विश्वस्तांचं दोन वर्षांपूर्वी निधन झालं होतं. दुसरे परगावी गेले होते आणि राजीनामा देऊन बसले होते. राजीनामा मंजूर केल्याचा ठराव होता, पण दोन्हींचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेलाच नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवावा लागतो. मुदत गेली की विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो आणि उशीर का झाला ते पटवून द्यावं लागतं. "राहून गेलं" हे खरं कारण असलं तरी अर्जात ते फार चालत नाही, म्हणून तारखा आणि पत्रव्यवहार जोडावा. मृत्यूचा दाखला, राजीनामापत्र, सभेची सूचना, ठरावाची प्रत आणि नव्या विश्वस्तांचं संमतीपत्र असा संच तयार होईपर्यंत तीन आठवडे गेले.

ही नुसती कागदी कटकट वाटते. पण सीएसआर देणारी कंपनी पडताळणीत हाच उतारा मागते. त्यावर दिवंगत माणसाचं नाव आणि बँकेच्या सह्यांमध्येही तेच नाव, असं असेल तर कंपनीचा वकील फाइल तिथंच थांबवतो. सीएसआरचं काम घेण्यासाठी संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ ची नोंदणीही लागते. ती या ट्रस्टकडे होती.

प्रस्तावातल्या पाच ओळी

कंपनीने पाठवलेलं अंदाजपत्रक एका पानाचं होतं. दर मुलामागे ३०० रुपये धरून चाळणीला १५ लाख, शिक्षकांच्या कार्यशाळांना ४ लाख, मोबाइल अ‍ॅपला ३ लाख, समारंभ आणि प्रसिद्धीला २ लाख, व्यवस्थापनाला १ लाख. बेरीज बरोबर होती. चाळणीत सापडलेल्या मुलांचं पुढे काय, याला मात्र ओळच नव्हती.

सचिवांचं म्हणणं होतं, "आधी पोरं सापडू देत. पुढचं पुढे बघू. २५ लाख कोणी परत पाठवतं का?" ते चुकीच्या हेतूने बोलत नव्हते. ट्रस्टच्या वार्षिक खर्चाच्या जवळपास जाणारी ही रक्कम होती आणि दोन शिक्षिकांचे पगार मागच्या दिवाळीत उशिरा झाले होते.

नव्या विश्वस्तांनी मानसशास्त्रज्ञ आणि ज्येष्ठ विशेष शिक्षिका यांना सोबत घेऊन हिशेब मांडला. आकडे सगळे अंदाजाचे होते, पण गृहीतक काय धरलं ते प्रत्येक ओळीपुढे लिहिलं होतं. हे लिहिणं महत्त्वाचं, कारण सभेत वाद बेरजेवर होत नाही, गृहीतकावर होतो.

चाळणी म्हणजे निदान नव्हे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही साधनं मराठीतही आहेत. त्यातली लहान मुलांसाठीची यादी पहिली-दुसरीला आणि मोठी तिसरी ते पाचवीला वापरतात, आणि ती वर्गशिक्षक भरतात. समजा ५,००० पैकी १२ टक्के मुलं या यादीत अडकली. म्हणजे ६००. त्यांची डोळ्यांची आणि कानांची तपासणी, हजेरीचा पट, घरी बोलली जाणारी भाषा, पालकांशी बोलणं, हे सगळं झाल्यावर साधारण ३५० उरतील असं धरलं. चष्मा लागलेला पण न घातलेला मुलगा किंवा उसाच्या हंगामात चार महिने शाळेबाहेर असलेली मुलगी पहिल्या यादीत हमखास असते.

पुढचं सखोल मूल्यमापन दोन बैठकांत होतं. बुद्ध्यंक चाचणी, वाचन, लेखन, गणित. मुलासमोर तीन तास आणि गुणांकन व अहवालाला दोन तास, असे पाच तास एका मुलाला. आठवड्याला २० तास येणाऱ्या मानसशास्त्रज्ञ चार मुलं पाहू शकतात. ३५० मुलांना ८७ आठवडे लागणार, आणि परीक्षा व सुट्ट्या धरल्या तर दोन वर्षं. तिसरीत अडकलेलं मूल अहवाल हातात पडेपर्यंत पाचवीत पोचलेलं असणार.

त्यातली निम्मी, म्हणजे १७५, मुलं खरोखर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सिया त्यातलाच) निघाली असं धरू. एका मुलाला आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटं. एका शिक्षिकेला दिवसाला सहा तासिका झेपतात, पण तयारी, नोंदी आणि पालकभेटी वजा केल्या की व्यवहारात ती १२ मुलं नीट सांभाळते. ट्रस्टमध्ये आत्ताही पाच शिक्षिका आणि ६० मुलं हेच प्रमाण आहे. १७५ मुलांना १५ शिक्षिका जास्तीच्या लागतील. महिना २५,००० रुपये पगार धरला तर वर्षाला ४५ लाख. शिवाय हे काम एका वर्षात संपत नाही, दोन-तीन वर्षं चालतं.

एकदाच मिळणारे २५ लाख घेऊन ट्रस्ट वर्षाला ४५ लाखांची जबाबदारी अंगावर घेत होता. ती पाळायची नसेल तर १७५ घरांत "तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, पण आमच्याकडे जागा नाही" असा निरोप जाणार होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळांवर घातलेलं कर्तव्यही जोडीनं आलंय: अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि ती दूर करण्यासाठी योग्य अध्यापनाचे उपाय करणे. पहिला अर्धा भाग तेवढा उचलायला देणगीदार सहज तयार होतात, कारण त्यात मोठा आकडा छापता येतो.

सभेआधीची कागदपत्रं

ट्रस्टवर आता प्रत्यक्ष असलेल्या सहा जणांपैकी (जुने पाच आणि नव्या विश्वस्त) एका विश्वस्तांना स्वतःला डिस्लेक्सिया आहे. त्यांचा छोटा कारखाना आहे, आकड्यांत ते पक्के. पण सभेची कागदपत्रं आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून यायची: बावीस पानं, बारीक इंग्रजी, एकाला एक चिकटलेले तक्ते. ते सभेत "सचिव म्हणतात तसं" म्हणत आणि सही करत. डिस्लेक्सियाच्या संस्थेत हे व्हावं यात बोचणारं काही आहेच, पण त्याहून थेट अडचण अशी की न वाचता सही केलेला विश्वस्त वाचून सही केलेल्याइतकाच जबाबदार असतो.

बदल साधे होते. कागद सात दिवस आधी, मराठीत. अक्षर १४ पॉइंटचं, ओळी डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळ्या, दोन ओळींत दीडपट अंतर. एका निर्णयाला एकच पान: काय ठरवायचंय, किती पैसे, नाही ठरवलं तर काय होईल. तक्त्यात चारपेक्षा जास्त रकाने नाहीत. सोबत सचिवांच्या आवाजातलं पाच-सात मिनिटांचं रेकॉर्डिंग. सभेत प्रत्येक विषयाचं पान आधी मोठ्याने वाचायचं आणि मग चर्चा. पुढे सगळ्यांनाच ते सोयीचं झालं, कारण बावीस पानं बाकीचेही वाचत नव्हते, फक्त ते कोणी बोलत नव्हतं.

या वेळी कारखानदार विश्वस्तांनी एका पानाचं अंदाजपत्रक समोर ठेवून पहिलाच प्रश्न विचारला, "यात शिकवणाऱ्या बाईंचा पगार कुठल्या ओळीत आहे?"

अ‍ॅप कोणाचं?

तीन लाखांचं अ‍ॅप सचिवांचे मेहुणे करून देणार होते. "तो आपल्याला स्वस्तात देतोय," हे सचिवांनी लपवलं नव्हतं, पण लिहूनही दिलं नव्हतं. विश्वस्ताच्या नातेवाइकाला ट्रस्टच्या पैशातून वाजवीपेक्षा जास्त मोबदला गेला तर आयकराची सवलत अडचणीत येते. स्वस्त असलं तरी ते स्वस्त आहे हे तीन दरपत्रकं असल्याशिवाय सिद्ध होत नाही.

सचिवांनी हितसंबंधाची लेखी नोंद दिली आणि त्या विषयापुरते ते खोलीबाहेर बसले. प्रोसिडिंग बुकात "सचिव बाहेर गेले, उरलेल्या पाच विश्वस्तांनी चर्चा केली" असं स्पष्ट लिहिलं. न्यासपत्रात गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) चारची होती, म्हणून ठराव टिकला. इथं मगाचा उतारा पुन्हा आडवा आला असता. सात जणांच्या हिशेबाने चार म्हणायचे की प्रत्यक्ष सहांच्या, हा प्रश्न न्यासपत्रात ठरलेली संख्या असल्यामुळे टळला. "एकूण विश्वस्तांच्या दोन तृतीयांश" असं लिहिलेलं असतं तर मोठा घोळ झाला असता.

शेवटी अ‍ॅप लागलंच नाही. पुढे बदललेल्या प्रस्तावात तपासायची मुलंच ६०० उरली, आणि तेवढ्या याद्या छापील कागदावर भरून एका स्प्रेडशीटमध्ये उतरवता येतात. मुलांच्या तपासणीची माहिती तिसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायची म्हणजे पालकांची संमती, माहिती कधी पुसणार, कोण पाहणार, हे सगळे प्रश्न वाढतात.

परत पाठवलेला प्रस्ताव

ट्रस्टने नकार दिला नाही. आठ शाळा, ६०० मुलं, तीन वर्षं आणि रक्कम तीच, २५ लाख, असा बदललेला प्रस्ताव पाठवला. त्याच गृहीतकांनी ६०० पैकी ७२ मुलं पहिल्या यादीत, सुमारे ४२ मूल्यमापनाला आणि २१ जणांना उपचारात्मक अध्यापन. मूल्यमापन आठवड्याला चारच्या वेगाने अकरा आठवड्यांत उरकतं. २१ मुलांना दोन शिक्षिका पुरतात. दोघींचा तीन वर्षांचा पगार १८ लाख. शाळेतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण आणि दर महिन्याची भेट अडीच लाख, हिशेब व लेखापरीक्षण दीड लाख, मानसशास्त्रज्ञांचे जादा तास १ लाख २० हजार, वाचन साहित्य १ लाख, डोळे-कान तपासणी आणि प्रवास ८० हजार. पगारवाढ यात धरलेली नव्हती. ती ट्रस्टच्या स्वतःच्या देणग्यांतून द्यायची, असं ठरावात लिहिलं. हा या अंदाजपत्रकाचा कच्चा दुवा होता आणि खजिनदारांनी तो तसाच नोंदवून ठेवला.

मूल्यमापनात डिस्लेक्सिया न निघालेल्या, पण वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी शाळेतच चार-पाच जणांचे गट ठेवले. त्यांना विशेष शिक्षिका लागत नाही, थोडं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक पुरतात.

कंपनीच्या दोन हरकती होत्या. पहिली, पैसे मार्चपूर्वी खर्च झाले पाहिजेत. यावर उत्तर नियमांतच आहे: कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्प बहुवार्षिक म्हणून मंजूर केला तर तो सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षं चालू शकतो. न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत कंपनीने वेगळ्या खात्यात ठेवायची आणि तिथून ट्रस्टला हप्त्याने द्यायची. जानेवारी ते मार्च हा काळ चाळणीला तसाही वाईट. शिक्षक वार्षिक परीक्षेत गुंतलेले, आणि घाईत भरलेली यादी कचऱ्याच्या लायकीची. जूनमध्ये वर्ग सुरू झाल्यावर शिक्षकाला मूल ओळखायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून ऑगस्टअखेर यादी भरायची असं ठरलं.

दुसरी हरकत, "व्यवस्थापन खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही." हा गैरसमज सर्रास दिसतो. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या हिशेबनिसावर नाही. नियमाचा तो भाग पत्रासोबत जोडला.

पालकांकडे गेलेली चिठ्ठी

पहिल्या मसुद्यात "डिस्लेक्सिया चाचणीस संमती" असं शीर्षक होतं. ते काढलं. शेवटची चिठ्ठी अशी होती: "आपल्या मुलाच्या वर्गातल्या सगळ्या मुलांचं वाचन-लेखन कसं चाललंय ते वर्गशिक्षक एका यादीत नोंदवणार आहेत. ही परीक्षा नाही. याचे गुण निकालात धरले जाणार नाहीत. काही मुलांना जास्त मदत लागेल असं वाटलं तर आम्ही आधी तुमच्याशी बोलू. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, मुलाला त्याचा काहीही त्रास होणार नाही." खाली सही आणि फोन नंबर. डिस्लेक्सिया घराण्यात चालत येतो, त्यामुळे ज्या पालकांना ही चिठ्ठी सगळ्यात जास्त लागू होते त्यांनाच ती वाचणं जड जाण्याची शक्यता असते. म्हणून पालकसभेत ती मोठ्याने वाचली आणि वर्गाच्या गटावर आवाजात टाकली.

आणखी एक वाक्य नंतर जोडावं लागलं: ट्रस्टचा अहवाल म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर प्रमाणपत्र नेमून दिलेल्या वैद्यकीय प्राधिकरणाचं लागतं, मूल आठ वर्षांचं झाल्याशिवाय ते मिळत नाही, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. हे आधी न सांगितल्यामुळे खासगी अहवाल घेऊन परीक्षा मंडळाच्या दारात उभे राहिलेले पालक दरवर्षी दिसतात.

शाळांत जाणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी झाली पाहिजे, हे पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याखालच्या २०२० च्या नियमांत आहे. दोन्ही नव्या शिक्षिकांचे, विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचे नोंदणी क्रमांक आणि त्यांची मुदत खजिनदारांनी तपासली. मूल काही सांगू लागलं तर कोणाला फोन करायचा हे एका कागदावर लिहून प्रत्येक शाळेत लावलं. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना न देणं हा गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाने केलेल्या अत्याचाराची माहिती संस्थेच्या प्रमुखाने दिली नाही तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. विश्वस्तांच्या पहिल्या दिवसाच्या माहितीत हे क्वचितच असतं.

पहिल्या वर्षी काय निघालं

कंपनीने बदललेला प्रस्ताव मान्य केला, समारंभ मात्र ठेवायलाच लावला. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो काढायचे नाहीत आणि चाळणीतल्या एकाही मुलाला मंचावर बोलवायचं नाही, ही अट करारात घातली.

अंदाज १२ टक्क्यांचा होता, निघाले १९. दोन शाळांत शिक्षकांनी ह्रस्व-दीर्घ चुकणारी सगळी मुलं यादीत टाकली होती. वेलांटी चुकणं मराठीत मोठ्यांचंही चालतंच. त्याने काही कळत नाही. खरी खूण वेगळी असते: चौथीतही जोडाक्षर दिसलं की थांबणं, रफार आणि अनुस्वार गाळणं, ओळखीचा शब्द पुढच्या ओळीत पुन्हा नव्याने फोडून वाचणं, आणि ऐकलेली गोष्ट मात्र नीट सांगता येणं. त्या दोन शाळांत शिक्षकांना पुन्हा अर्धा दिवस बसवून याद्या नव्याने भरून घेतल्या. आकडा १३ टक्क्यांवर आला.

एका शाळेने मुख्याध्यापक बदलल्यावर काम थांबवलं. तिथली चार मुलं ट्रस्टच्या केंद्रात यायला लागली. येण्या-जाण्याचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. ८० हजारांच्या प्रवासाच्या ओळीतून तो भागवला आणि कंपनीला लेखी कळवलं. दुसऱ्या सहामाहीत मानसशास्त्रज्ञांनी नोकरी बदलली. सात मुलांचे अहवाल अर्धवट राहिले आणि नव्या व्यक्तीला त्या मुलांच्या दोन्ही बैठका पुन्हा घ्याव्या लागल्या. तेव्हापासून प्रत्येक बैठकीचे कच्चे गुण त्याच दिवशी ट्रस्टच्या फाइलमध्ये जमा करायचे, असा नियम केला आहे.

धर्मादाय कार्यालयातला बदल अर्ज अजून सुनावणीवर आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तीन बाबी आहेत: बँकेतल्या सह्या बदलणं, दोन शिक्षिकांची पगारवाढ, आणि तिसऱ्या वर्षानंतर त्या २१ मुलांचा खर्च कुठून येणार याचं एक पान.